साठ दिवसांची पाहुणी

दिवसभराची कामं उरकून, कुणी चुलीपुढे बसून तर कुणी भाकऱ्या थापता थापता, तुम्ही रेडिओ लावलाय. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. परदेशातल्या व्हिसाची मुदत संपत आली, म्हणून बसने शेजारच्या देशात जायचं आणि नवा व्हिसा घेऊन त्याच दिवशी परत यायचं, असा तो विषय आहे. पण शेवटपर्यंत ऐका. ही बस आपल्या बचत गटाच्या वहीपर्यंत येते.

आधी दोन शब्द सुटे करून घेऊ. पासपोर्ट आणि व्हिसा. पुष्कळ जणी दोन्ही एकच समजतात. पासपोर्ट आपलं सरकार देतं. त्यात लिहिलेलं असतं की ही बाई भारताची नागरिक आहे. व्हिसा मात्र ज्या देशात जायचं तिथलं सरकार देतं. त्यात लिहिलेलं असतं की हिला आमच्याकडे यायला परवानगी आहे, अमुक कारणासाठी, अमुक दिवसांसाठी. म्हणजे व्हिसात तीन गोष्टी वाचायच्या: कुणाला, कशासाठी आणि किती दिवस. आपण नाव बरोबर आहे का तेवढं बघतो आणि कागद पिशवीत ठेवतो. खरा घोळ पुढच्या दोन गोष्टींत असतो.

आम्हा कोकणातल्या बायकांना सीमा माहीत आहे ती बांद्याची. बांदा सोडलं की गोवा. एसटीत डुलकी लागली तर राज्य बदललेलं कळतही नाही. नेपाळला जायचं तरी आपल्याला व्हिसा लागत नाही. त्यामुळे सीमा म्हणजे काय, तिथे माणसाला कसं उभं राहावं लागतं, हे मला शारजाला गेल्यावरच कळलं.

माझी लेक आणि जावई शारजाला असतात. आपण त्या सगळ्या मुलखाला दुबई म्हणतो. पण तो देश आहे संयुक्त अरब अमिराती. सात अमिराती मिळून तो देश झाला आहे. दुबई त्यातली एक, शारजा दुसरी, अगदी लागून. लेकीला दिवस गेले होते, तिच्या सासूबाईंचे गुडघे धड नाहीत, म्हणून बाळंतपणाला मी गेले. डिसेंबर २०२२ मध्ये. अळीव नेले, बाळंतशोपा नेल्या, डिंकाचे लाडू नेले. लाडवांत खसखस घातली नव्हती, आणि हे मुद्दाम सांगते. आपल्या घरातली साधी खसखस त्या देशात बंदी असलेली वस्तू आहे. सामानात सापडली तर पोलीस केस होते. तुमच्यापैकी कुणी लेकीकडे जात असाल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

माझा व्हिसा होता ६० दिवसांचा. व्हिजिट व्हिसा, म्हणजे पाहुणीचा. आता इथे गणित बघा. आपण ६० दिवस म्हटलं की दोन महिने धरतो. १० डिसेंबरला उतरलेली बाई १० फेब्रुवारीपर्यंत राहू शकते, असं कुणालाही वाटेल. पण उतरल्याचा दिवस पहिला धरून बोटांवर मोजा. डिसेंबरचे २२, जानेवारीचे ३१, झाले ५३. उरले ७. म्हणजे ६० वा दिवस ७ फेब्रुवारीला येतो. मुदत उलटली की तिथे दर दिवसाला ५० दिरहम दंड. त्या वेळी दिरहम साधारण २२ रुपयांना होता. म्हणजे रोजचे अकराशे रुपये झाले. लेकीने मी उतरले त्याच रात्री कॅलेंडरवर ७ फेब्रुवारीला लाल गोल केला होता.

बाळ जानेवारीच्या मध्याला आलं. मुलगी झाली. आता सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला सोडून कशी येऊ? सव्वा महिना फेब्रुवारीअखेर पुरा होणार, आणि लाल गोल पहिल्या आठवड्यातच. पूर्वी तिथल्या तिथे पैसे भरून नवा व्हिजिट व्हिसा मिळायचा. २०२२ च्या डिसेंबरपासून शारजात ते बंद झालं होतं. नवा व्हिसा हवा तर एकदा देशाबाहेर जा आणि नव्याने आत या.

तुम्ही म्हणाल, हा काय उपद्व्याप? आत असलेल्या माणसाला बाहेर काढून परत आत कशाला घ्यायचं? आपल्या गटातलंच उदाहरण घ्या. जुनं कर्ज थकलेलं असताना त्यावरच नवं कर्ज चढवत नाही आपण. जुनं खातं मिटवायचं, वहीत सही करायची आणि मग नवा अर्ज. व्हिसाचंही तसंच. बाहेर जाताना शिक्का बसला की जुना हिशेब मिटला. आत येताना शिक्का बसला की नवा हिशेब पहिल्या दिवसापासून सुरू. ज्याच्याकडे पैसे असतात तो त्यासाठी विमानाने जाऊन येतो. बाकीचे बसने ओमानला जातात. ओमान म्हणजे लागूनच असलेला दुसरा देश.

माझी बस पहाटे निघाली. जावयांनी एजंटकडून बसची जागा, ओमानमध्ये शिरायचा परवाना आणि परतीच्या व्हिसाचा अर्ज, सगळं एकत्र करून घेतलं होतं. बाळाला नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा अजून पासपोर्ट नव्हता. तिथे जन्मलेल्या आपल्या बाळाचा पासपोर्ट भारताच्या वकिलातीतून काढावा लागतो आणि १२० दिवसांच्या आत तिथल्या रहिवासाचा व्हिसाही काढावा लागतो. बारशाच्या आधी कागदांची काळजी, अशी गत. लेक म्हणाली, आई, तू निर्धास्त जा, आज अंघोळ मी घालते. मी पोळी-भाजीचा डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि कागदांची पिशवी पोटाशी धरून बसले.

शहर मागे पडलं की वाळवंट लागतं. वाळू पिवळी असेल असं मला वाटलं होतं, पण वाटेत तांबडी वाळू दिसते, आपल्या जांभ्याच्या रंगाची. मग डोंगर सुरू होतात. हजर नावाचे डोंगर, उघडे, झाड म्हणून नाही. त्या डोंगरांत हत्ता नावाचं गाव आहे आणि त्याच्या पुढे सीमा. बस थांबली की सगळ्यांनी उतरायचं, रांगेत उभं राहायचं. खिडकीत पासपोर्ट द्यायचा, बाहेर जायची फी भरायची. मग बस थोडी पुढे जाते आणि दुसऱ्या देशाची चौकी येते. पुन्हा उतरा, पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. दोन चौक्यांच्या मधल्या रस्त्यावर माझ्या मनात आलं, आत्ता आपण नेमक्या कुणाच्या? इथून सोडलं आणि तिथे घेतलं नाही तर? पोटात गोळा आला हो.

ओमानमध्ये बस एका साध्या हॉटेलाशी थांबली. आता काम एकच, वाट बघायची. नवा व्हिसा मोबाइलवर येणार. कुणाचा चार तासांत येतो, कुणाचा दुसऱ्या दिवशी, म्हणून वरच्या मजल्यावर रात्री राहायला खोल्याही होत्या. मी करक चहा घेतला. करक म्हणजे दूध आणि वेलची घालून खूप उकळलेला चहा, आपल्या टपरीच्या चहाचा भाऊच. पैसे देताना कळलं की ओमानचा एक रियाल म्हणजे साधारण साडेनऊ दिरहम. आणि त्यांच्या सुट्ट्या पैशांना म्हणतात बैसा. आपलाच पैसा तो. एके काळी या सगळ्या मुलखात भारताचा रुपया चालायचा. ओमानमध्ये तर १९७० पर्यंत. तेव्हा आपला पैसा त्यांच्या बाजारात फिरत होता आणि आता आपली माणसं त्यांच्या पैशासाठी फिरताहेत.

त्या हॉटेलात बसलेली माणसं मी नीट बघितली. नातवंडासाठी आलेली माझ्यासारखी म्हातारी एखादीच. बाकी बहुतेक तरणी मुलं. माझ्या शेजारी बसलेला मुलगा आपल्या महाडकडचा निघाला. मराठी ऐकून मला म्हणाला, मावशी, तुमचा कितवा फेरा? मी म्हटलं, पहिला आणि शेवटचा. तो म्हणाला, माझा तिसरा. एजंटने त्याला गावात सांगितलं होतं की व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर महिनाभरात कंपनीचा व्हिसा लागतो. पाच महिने झाले होते. कुठे आठ दिवस हमाली, कुठे पंधरा दिवस हॉटेलात भांडी. प्रत्येक फेऱ्याचे पैसे घरून यायचे. मी विचारलं, घरून म्हणजे कुठून रे? तो म्हणाला, आईने गटातून उचललेत.

मैत्रिणींनो, माझा चहा तसाच राहिला. गटातून! ज्या गटात बायका दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकतात, त्या पैशातून हा मुलगा दर दोन महिन्यांनी डोंगर ओलांडून शिक्का मारून घेत होता. त्या आईला वाटत असणार, मुलाच्या नोकरीसाठी पैसे दिले. पण नोकरीचा व्हिसा आलाच नव्हता. ते पैसे गेले होते नुसत्या मुदतीला.

दुसरी एक बाई होती, आंध्रातली, गोदावरीकडची. मोडकं हिंदी बोलायची, मला अम्मा म्हणायची. ती एका घरात स्वयंपाकपाणी आणि मुलांचं करायची. तीही व्हिजिट व्हिसावर. मी म्हटलं, मग तुझा कामाचा कागद? ती म्हणाली, कागद एजंटकडे आहे. पासपोर्टसुद्धा एजंटच ठेवतो, बसच्या दिवशी हातात देतो आणि परत गेल्यावर काढून घेतो. तिने तो पासपोर्ट मला दाखवला. लहान मुलाच्या गालावरून हात फिरवावा तसा ती त्याच्यावरून हात फिरवत होती.

आता हे नीट ऐका. त्या देशात घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कायदा आहे. २०२२ चाच कायदा. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दिवसाला १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा, पासपोर्ट बाईने स्वतःजवळ ठेवायचा. चांगला कायदा आहे. पण तो लागू होतो कामाचा परवाना असलेल्या बाईला. ही बाई सरकारी वहीत पाहुणी होती. पाहुणीला कसला पगार आणि कसली रजा? मालकाने पगार बुडवला तरी तक्रारीला जायची तिला भीती, कारण पहिला प्रश्न येणार, तू कामच का करत होतीस? व्हिजिट व्हिसावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे. पकडलं तर परत पाठवतात. माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंडही २०२४ साली वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम केला आहे.

मग एजंट कामाला जाणाऱ्यांना व्हिजिट व्हिसावर का नेतात? त्याचं कारण आपल्या देशातल्या नियमात आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, आखातातले देश धरून एकूण १८ देशांत नोकरीला जायचं असेल तर आधी सरकारची मंजुरी घ्या. १९८३ चा कायदा आहे तसा. ती मंजुरी देणारं कार्यालय मुंबईतही आहे. तिथे नोकरीचा करार बघतात, पगार बघतात. बाईमाणूस असेल तर वय ३० च्या वर लागतं, आणि घरकामासाठी सरकारने नेमलेल्या सरकारी संस्थांमार्फतच जावं लागतं. मंजुरीबरोबर विमाही काढावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये मिळतात.

पण फिरायला किंवा पाहुणे म्हणून जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. माझ्यासारखीला लागली नाही, आणि ते बरोबरच आहे. हीच फट एजंटला सापडते. करार नाही, पगाराची तपासणी नाही, वयाची अट नाही, विमा नाही. तिकीट काढलं की माणूस रवाना. एजंटचे कष्ट वाचतात. आणि जाणाऱ्याच्या डोक्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी ती बस येते.

माझा नवा व्हिसा दुपारी चारला आला. महाडच्या मुलाचा संध्याकाळी आला. आंध्रातल्या बाईचा आलाच नाही. आमची बस निघाली तेव्हा ती हॉटेलच्या पायरीवर बसली होती. मी उरलेली पोळी-भाजी तिला दिली. ती म्हणाली, अम्मा, उद्या येईल. पुढे काय झालं, मला माहीत नाही.

परतीच्या चौकीवर डोळे तपासायचं यंत्र असतं. त्यात बघायचं, हलायचं नाही. आधी कुणाला देशाबाहेर काढलेलं असेल तर ते डोळ्यांवरून ओळखतात, नाव बदलून आला तरी. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. मी तिथेच उभी राहून तारीख वाचली आणि बोटांवर पुन्हा दिवस मोजले. रात्री घरी पोचले तर नात जागीच होती.

मैत्रिणींनो, ही बस वाईट असं मी म्हणत नाही. माझ्यासारख्या पाहुणीला तिने चार आठवडे जास्त दिले, बाळंतिणीचा सव्वा महिना नीट पार पडला. पाहुणीने पाहुणीच्या व्हिसावर राहावं, त्यात काही चूक नाही. पण कामाला जाणाऱ्याने पाहुणा म्हणून जायचं, तर त्याचा सगळा संसार त्या एका शिक्क्यावर टांगलेला असतो. आणि शिक्क्याचे पैसे भरतो तो गावातला गट.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटातून कुणी परदेशी नोकरीसाठी कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका, पण व्हिसाची प्रत मागा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या बाईंकडून किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. त्यावर व्हिजिट किंवा टुरिस्ट लिहिलं असेल तर तो नोकरीचा व्हिसा नाही. एजंट कितीही गोड बोलला तरी नाही.

दुसरं, एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला भारत सरकारची नोंदणी लागते. ई-मायग्रेट नावाची सरकारची साइट आहे. गावातल्या सेवा केंद्रात ती उघडून त्याचं नाव आहे का बघता येतं. नोंदणी असलेल्या एजंटलाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. तो पावती देत नसेल तर तिथेच थांबा.

तिसरं, आपलं माणूस आधीच तिकडे असेल तर आज रात्री फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. व्हिसा कसला आहे? तो कुठल्या तारखेला संपतो? पासपोर्ट कुणाच्या हातात आहे? पैसे पाठवलेस का, हे आपण नेहमी विचारतो. त्याच्या आधी हे विचारा. उत्तर अडखळत आलं तर त्याच्यावर रागावू नका. तो आधीच घाबरलेला असतो. दुबईत आपल्या माणसांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. पगार बुडाला, पासपोर्ट अडकला, तर तिथे बोलता येतं. त्याला ते नाव सांगा.

आणि चौथं, व्हिसाचे नियम सारखे बदलतात. मी सांगितला तो शारजातला नियम २०२३ च्या सुरुवातीचा होता. तुम्ही जाल तेव्हा त्या दिवसाचा नियम विचारूनच पाऊल टाका.

गटाच्या वहीत मागची दोन पानं रिकामी असतात. तिथे रेघा मारा. गावातून बाहेर देशी गेलेल्या प्रत्येकाचं नाव, व्हिसाचा प्रकार, संपायची तारीख, पासपोर्ट कुणाकडे. चार रकाने पुरतात. कर्जाचा हप्ता चुकला तर आपण चौघी जाऊन दारात उभ्या राहतो. तशाच या तारखेसाठीही उभ्या राहू.